सात पाण्यांच्या वाट्या

बाजारात पहिलं खरबूज दिसलं की आमच्या मास्तरांचा जीव खालीवर व्हायला लागे. जबलपुरात उन्हाळा आला की लोक खरबुजांची वाट बघतात. मास्तर मात्र फुहाऱ्याच्या चौकात फळवाल्यांचे ढीग दिसले की उपरण्याचं टोक नाकाशी धरून रस्त्याच्या पलीकडून जात. बेकरीत कुणी खरबूज आणायचं नाही आणि खाऊनही यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. एकदा मी घरून दोन फोडी खाऊन गेलो. हात साबणानं धुतले होते, तरी त्यांनी मला दारातच अडवलं. माझ्या बोटांशी नाक आणलं आणि अगदी रडकुंडीला येऊन म्हणाले, "काहून खाऊन आला रे भैया? आता दिवसभर मी काय हुंगू?"

ऐकणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल, पण त्याला कारण होतं. पावाला एक रोग होतो. उन्हाळ्यात जास्त. ताजा पाव दिसायला झकास असतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटातून उतरलेल्या खरबुजासारखा वास यायला लागतो, आणि मग पाव मोडला की दोन तुकड्यांच्या मध्ये चिकट तारा लोंबतात. भट्टीवरचे आमचे उस्ताद त्याला जाला, म्हणजे जाळं, म्हणत. मास्तरांचं आयुष्य, निदान मला ठाऊक असलेलं, त्या वासाच्या मागावर गेलं. आणि त्या आयुष्यात त्यांच्या पदरी जे मोठं अपयश आलं, ते माझ्यामुळे आलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्यांच्या गमती सांगायला लागलो तर वाचणाऱ्यानं माझ्या बाजूनं हसू नये.

लढाईची वर्षं होती. छावणीतल्या लष्करी इस्पितळाला पाव पुरवणारी एक खाजगी बेकरी होती, आणि तिथं पीठ आणि पाव तपासायला मास्तर होते. आधी ते शाळेत विज्ञान शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. भट्टीवरचे उस्ताद 'मास्साब' म्हणत. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो आणि त्यांचा साहाय्यक म्हणून लागलो होतो. बुटकी मूर्ती, काळी टोपी, धोतरावर बंद गळ्याचा कोट, आणि कोटाच्या खिशात लिटमसच्या कागदांची डबी. बेकरीच्या मागे पत्र्याच्या छपराची एक खोली होती. ती आमची प्रयोगशाळा.

या माणसानं जन्मात पाव खाल्ला नव्हता. त्या काळी आमच्याकडच्या पुष्कळ घरांत पाव चालत नसे, त्यात नवल नाही. पण दिवसभर पाव फोडायचा, दाबायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि कण जिभेला लावायचा नाही, याला काय म्हणावं? पाणीसुद्धा ते घरून तांब्याच्या फिरकीच्या तांब्यातून आणत. संध्याकाळी चेरीतालला घरी पोचले की आधी विहिरीवर आंघोळ, मग घरात पाऊल. उस्ताद त्यांना चिडवत, "मास्साब, एक बार चख तो लो। आपकी नाक को तो सब मालूम है, बेचारी ज़बान ने क्या बिगाड़ा है?" यावर मास्तर गंभीरपणे म्हणत, "उस्ताद, मैं डॉक्टर हूँ। डॉक्टर मरीज़ को खाता है क्या?"

त्यांना कुणी मुद्द्याचा प्रश्न विचारला की त्यांचा चेहरा खुलायचा. मात्र प्रश्न विचारल्याशिवाय ते काही सांगत नसत. शाळेत त्यांनी म्हणे वीस वर्षं न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली होती आणि ती सगळी फुकट गेली होती. "विचारशील तर सांगीन," पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं. "नाही विचारलं, तर जसं सांगून राहिलो तसं करायचं."

तारांचं मी विचारलं होतं. तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. ते त्या जंतूंना 'हे लोक' म्हणत. "हे लोक पिठातून येतात. भट्टीत बाकीचे सगळे मरतात, हे मरत नाही. पाव वरून लाल होते, पण त्याच्या पोटात कुठे पोचते भट्टी? तिथं हे बी होऊन झोपून राहतात. पाव निवला, ओल आणि गरमी मिळाली, की उठतात."

"म्हणून आपण कणकेत सिरका घालतो," मी म्हणालो. व्हिनेगरला आमच्याकडे सिरकाच म्हणत. "त्यानं मरतात."

"नाही!" ते इतक्या जोरात ओरडले की उस्ताद डोकावून गेले. "सिरका मारत नाही. सिरका उठू देत नाही, बस. मरणं वेगळं अन् न उठणं वेगळं."

मग त्यांनी ते करून दाखवलं. संशयी पिठाची पेज चांगली उकळून दोन मातीच्या वाट्यांत ओतली. एकीत थोडा सिरका टाकला, दुसरीत नाही. वाट्या झाकून गवतानं भरलेल्या उबदार पेटीत ठेवल्या. दोन दिवसांनी बिनसिरक्याच्या वाटीत काचेची कांडी बुडवून वर उचलली तर हातभर तार आली. सिरक्याची वाटी तशीच स्वच्छ. मग त्या स्वच्छ वाटीतला एक थेंब त्यांनी नव्या पेजेत सोडला आणि पुन्हा दोन दिवस थांबले. तिथंही तार. "पाहिलं? मेले असते तर उठले असते काय?" असं म्हणून त्यांनी कांडी माझ्या नाकासमोर धरली. लहान मूल बापाला गोगलगाय दाखवतं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

हे सगळं मला समजलं होतं. परीक्षेत आलं असतं तर पैकीच्या पैकी मिळवले असते.

आता वाट्यांबद्दल. बारा वाट्या होत्या, मास्तरांनी कुंभाराकडून आपल्या मापानं करवून घेतलेल्या. त्या ते बदलू देत नसत. नवी वाटी म्हणजे नवी माती, मग तुलना कशाची, असं त्यांचं म्हणणं. त्याच वाट्यांत आज सिरका, उद्या साधी पेज. मध्ये प्रत्येक वाटी सात पाण्यांनी धुवायची. पाणी उकळलेलं पाहिजे, आणि प्रत्येक पाणी वाटीत अर्धा तास राहिलं पाहिजे. बारा वाट्या, सात पाणी. अर्धा दिवस त्यात जायचा, आणि ते काम माझं होतं.

असं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. मला वाटायचं, मला माहीत आहे. ज्याला पाव शिवला की आंघोळ करावी लागते, ज्याचं पाणी घरून झाकून येतं, त्याच्या सात पाण्यांना कारण काय असणार? सोवळं! आमच्या घरी वडील सुधारक मताचे. मी तर कॉलेजातून जानवं काढूनच बाहेर पडलो होतो आणि अशा गोष्टींवर तुटून पडायला टपलेला असे. त्या वर्षी गणेशोत्सवात मी रंगमंचावर मास्तरांची नक्कल केली. टोपी घातली, कोट चढवला आणि एक वाटी घेऊन तिला पळीपळीनं आंघोळ घातली. पहिलं पाणी गंगेचं, दुसरं यमुनेचं, असं करत सातवं नर्मदेचं. चेरीतालची सगळी मराठी मंडळी हसून लोटपोट झाली. मास्तर दुसऱ्या रांगेत बसले होते. सगळ्यांत जास्त तेच हसले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "नक्कल छान करून राहिला होता. पण मी पाणी ओतत नाही रे तसं. मी धार लावतो." आणि धार कशी लावतात ते करून दाखवलं. तेव्हासुद्धा, बघा, मी विचारलं नाही.

पुढच्या मे महिन्यात सिरक्याचे पिंप यायचे थांबले. लढाईत कशाचंच खरं नव्हतं. जो थोडा उरला होता, तो फक्त संशयी पिठासाठी राखायचा, असं मास्तरांनी ठरवलं. म्हणजे प्रत्येक पोतं आधी वाटीत तपासायचं. वाटीत तार आली तर त्या पिठात सिरका, नाही आली तर बिनसिरक्याचा पाव. सगळा भार वाट्यांवर आला.

त्याच आठवड्यात पिठाची एक नवी गाडी उतरली, आणि त्याच दिवशी माझे मित्र सायकलींवरून भेडाघाटला निघाले होते. दुपारची गरम लू चालू व्हायच्या आत पोचायचं होतं. मी वाट्या एका पाण्यात बुचकळून काढल्या, पेज ओतली, पेटीत ठेवल्या आणि सायकलवर टांग मारली. धुवांधार धबधब्याचे तुषार अंगावर घेताना मला मास्तरांची सात पाणी आठवली आणि मी मित्रांना पुन्हा ती नक्कल करून दाखवली.

दोन दिवसांनी बाराही वाट्या स्वच्छ निघाल्या. मी वहीत 'निर्दोष' लिहिलं. मास्तरांनी कांडी घालून पाहिली, हुंगून पाहिली आणि खाली सही केली. त्यांना आनंद झाला होता. "चलो, हे पीठ तर साधू निघालं," ते म्हणाले.

त्या पिठाचे बिनसिरक्याचे पाव इस्पितळात गेले. तिसऱ्या दिवशी इस्पितळातून अख्खी गाडी परत आली. उस्तादांनी वरचा पाव उचलून मोडला. तारा लोंबल्या. खोलीभर खरबुजाचा वास पसरला. गाडीबरोबर आलेला शिपाई सांगत होता, काही रोग्यांना ओकाऱ्या झाल्या, बाकीच्यांनी पाव भिंतीवर मारून चिकटवले, आणि मोठे साहेब लाल झाले आहेत. उस्ताद डोक्याला हात लावून बसले. "साहब, आटा तो आपने पास किया था," एवढंच ते मला म्हणाले.

मास्तर मालकांकडे गेले होते. मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो. का कोण जाणे, लिटमसचा एक निळा कागद ओला केला आणि एका रिकाम्या वाटीच्या आतल्या बाजूला लावला. तो लाल झाला. दुसरीला लावला. लाल. आदल्या खेपेला बाराही वाट्यांत सिरका होता, आणि मातीनं तो पिऊन ठेवला होता. मी ज्यांना साध्या वाट्या समजत होतो त्या सगळ्या सिरक्याच्याच वाट्या होत्या. 'हे लोक' त्यांत निवांत झोपले होते, आणि पावात सिरका नव्हता तिथं उठले. सात पाणी कशासाठी होती, ते मला तेव्हा कळलं. कागद मी खिशात घातले.

मास्तर आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती. टोपीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. ते खुर्चीवर बसले आणि सावकाश विचारलं, "वाट्यांना सात पाणी दिले होते ना भैया?"

मी म्हणालो, "हो मास्तर."

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी कबूल झालो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. दहादा विचारलं असतं तरी मी हो म्हणालो असतो. नोकरी जाईल ही भीती होतीच. पण त्याहून जास्त भीती होती ती उस्तादांसमोर, मित्रांसमोर गाढव ठरण्याची. नक्कल करणाऱ्यावर नक्कल उलटते तेव्हा फार लागतं.

"मग रीतच चुकली," मास्तर म्हणाले. मालकांसमोर त्यांनी तेच सांगितलं. रीत माझी, सही माझी, पोराचा काही दोष नाही. मालकांना कुणाला तरी काढायचंच होतं. मास्तरांनी स्वतःच राजीनामा लिहून दिला, आणि जाताना फक्त त्या बारा वाट्या आणि वही मागितली. वाट्या मी गवतात गुंडाळून टोपलीत भरून दिल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मन लावून कर." त्यांच्या जागेवर मला नेमलं. मी कुंभाराकडून नव्या वाट्या करवल्या आणि पुढं जितकी वर्षं तिथं होतो तितकी वर्षं त्यांना सात पाणी दिली. कुणी बघत नसतानाही दिली. त्यानं काय होणार होतं?

लढाई संपल्यावर माझं लग्न ठरलं, आणि पत्रिका द्यायला मी चेरीतालला त्यांच्या घरी गेलो. इतके दिवस त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. काकूंनी दार उघडलं आणि मला बघून त्यांना बरं वाटलं. "या, या. बरं झालं आलात. यांना जरा समजवा. घरात कणकेचं एक भांडं राहू देत नाही. मझौलीहून कोणी आलं तरी तिकडच्या चक्कीचं पीठ मागतात."

मागच्या पडवीत मास्तर बसले होते. समोर त्याच बारा वाट्या. ते वाळले होते, पण मला बघून चेहरा तसाच खुलला. ते एक असं पीठ शोधत होते, जे वाटीत झोपतं आणि पावात उठतं. कलकत्त्याच्या एका शास्त्रीय मासिकाला पाठवायचा लेख त्यांनी लिहून ठेवला होता. सिरका या जंतूंना मारत नाही, नुसतं उठू देत नाही, आणि ते साध्या मातीच्या वाटीत कसं ओळखायचं, यावर. स्वच्छ प्रत काढलेली होती. पाठवली नव्हती.

"काहून नाही पाठवली?" मी विचारलं. त्यांच्याशी बोलताना माझीही भाषा त्यांच्यासारखी व्हायची.

त्यांनी वही उघडली. "सगळ्या नोंदी जुळतात. ही एक जुळत नाही." बोट त्या मे महिन्यातल्या दिवसावर होतं. माझं अक्षर, त्यांची सही.

"एकच आहे ना मास्तर. सोडून द्या ती. काही तरी चूक झाली असेल."

"कोणाची?" त्यांनी मान वर केली. "ती खोटी मानायची म्हणजे तुला खोटं मानायचं. तू सात पाणी दिले होते. मग ती खरीच आहे. म्हणजे मला अजून काही समजलेलं नाही."

हीच वेळ होती. पडवीत आम्ही दोघंच होतो. काकू आत चहा करत होत्या. मी तोंड उघडलं, आणि लग्नाची पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, डोळ्यांना लावली. मग म्हणाले, "आलाच आहे तर वाट्या धुऊन दे. माझ्या हाताला आता कापरं भरते." मी अंगणात बसून वाट्या धुवायला घेतल्या. उकळलेल्या पाण्याची घागर होतीच. प्रत्येक पाणी अर्धा तास. दुपार टळली, ऊन भिंतीवरून सरकलं, काकूंनी दोनदा चहा दिला. मास्तर पडवीतून मोठ्यानं मोजत होते. तीन. चार. धार मी त्यांनी दाखवली होती तशीच लावली. सात झाल्यावर ते म्हणाले, "बस. तेव्हाही असेच दिले होते ना?"

"हो," मी म्हणालो.

माझ्या लग्नाला ते आले. पंगतीत जेवले, आहेर म्हणून लिटमसच्या कागदांची एक नवी डबी दिली. पुढच्याच हिवाळ्यात ते गेल्याचं कळलं. दिवस झाल्यावर काकूंनी वही माझ्याकडे पाठवली. 'यांनी सांगून ठेवलं होतं की तुम्हाला द्यायची,' एवढाच निरोप होता. लेख वहीतच घडी घालून ठेवलेला होता.

वहीच्या पहिल्या पानांवर, मी नोकरीला लागण्याच्या किती तरी आधीच्या तारखेखाली, त्यांनी एका वाटीच्या पाण्यांची नोंद केली होती. पहिलं पाणी, लिटमस लाल. दुसरं, लाल. सहावं, किंचित लाल. सातवं, निळा राहिला. एक प्रश्न विचारला असता तर हे पान त्यांनी मला किती आनंदानं उघडून दाखवलं असतं! आणि त्या मे महिन्यातल्या नोंदीखाली, कापऱ्या हातानं, बहुतेक शेवटी शेवटी लिहिलेलं होतं: 'कारण सापडलं नाही. वाट्या नियमाप्रमाणे धुतल्या होत्या. साहाय्यक विश्वासू.'

ती वही मी आजवर कुणाला दाखवली नाही. काल मात्र दौत-टाक घेऊन बसलो आणि त्यांच्या त्या ओळीखाली लिहिलं: 'वाट्या एकाच पाण्यात धुतल्या होत्या. साहाय्यक दोनदा खोटं बोलला.' खाली तारीख घातली, सही केली.

आता वहीतल्या सगळ्या नोंदी जुळतात. हे मास्तरांना सांगायला कुठं जाऊ?